डिस्ट्रिक्ट हीटिंग खान्देशात? एमआयडीसीतल्या एका गल्लीपुरती गरम पाण्याची सामाईक लाईन

तापीकाठ

थंड देशांत घरोघरी वेगळी शेगडी पेटवण्याऐवजी एका केंद्रात पाणी तापवतात आणि जमिनीखालच्या पाईपांतून शहरभर फिरवतात. हेच डिस्ट्रिक्ट हीटिंग. या पद्धतीचा पहिला यशस्वी धंदा १८७७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्टला सुरू झाला, तेव्हा वाफ होती. पुढची शंभर वर्षं ही जाळी बहुतेक कोळशावर, तेलावर आणि गॅसवर चालली. आता ती बदलत आहेत. डेन्मार्कात एस्बियर्गच्या कोळसा केंद्राच्या जागी समुद्राच्या पाण्यातून उष्णता उचलणारे ७० मेगावॉटचे हीट पंप आले, त्यांत उष्णता वाहणारा आतला वायू (रेफ्रिजरंट) म्हणून कार्बन डायऑक्साइड आहे. हॅम्बुर्गमध्ये तांब्याच्या कारखान्यातली वाया जाणारी उष्णता २०१८ पासून हाफेनसिटीच्या पूर्व भागाला मिळते. स्टॉकहोम सांडपाण्यातून उष्णता काढतं. ओडेन्सला डेटा सेंटरची उष्णता घरांत जाते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, त्यामुळे घर गरम करायचा प्रश्नच नाही. पण याच जळगाव-धुळ्याच्या वसाहतींत डाळमिलला वाळवणीसाठी ६० अंशाची हवा लागते आणि त्यासाठी गॅस किंवा लाकूड जळतं. तिथून दोन प्लॉट पलीकडे कॉम्प्रेसर, चिलर आणि कोल्ड स्टोरेजचे कंडेन्सर तेवढीच उष्णता पंख्याने बाहेर फेकत असतात. या दोघांना पाईपने जोडायचं, एवढाच या धाग्याचा विषय आहे.

माझं ठाम मत असं की सगळ्यात आधी लाईनचं तापमान ठरवावं. उष्णता कुठून घ्यायची, ते नंतर. युरोपातला बदल याच वाटेने झाला: वाफ, मग १०० अंशांच्या वरचं दाबाखालचं पाणी, मग १०० च्या आतलं, आणि आता ५०-६० अंशांवर चालणारी जाळी. तापमान जसं उतरलं तसे सूर्य, हीट पंप, सांडपाणी हे सगळे स्रोत जोडता आले. ९५ अंशांच्या लाईनला कॉम्प्रेसरची उष्णता देता येत नाही, ७० च्या लाईनला येते.

म्हणून प्रस्ताव असा: पुरवठा ७० अंश, परत ४० अंश. डाळ, मिरची, हळद, कांदा यांची वाळवणी यात बसते. वाफ लागणारी कामं, म्हणजे स्टार्च, साखर, कापड रंगाई, या लाईनवर आणायचीच नाहीत. १२० अंशांच्या हवेने तूर कंडिशन करायची, म्हणजे टरफल सैल करायची, सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेची पद्धतही यात बसत नाही. एका मोठ्या तापमानाच्या ग्राहकासाठी अख्खी लाईन गरम केली की बाकीचे सगळे स्रोत बाद होतात.

परतीचे ४० अंश हा यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. एक घनमीटर पाणी एक अंश उतरलं की १.१६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता देतं. १ मेगावॉट वाहून न्यायला ३० अंशांचा फरक असेल तर सेकंदाला ८ लिटर पाणी लागतं, डीएन १०० चा, म्हणजे साधारण १०० मिलिमीटर व्यासाचा पाईप पुरतो, पाण्याचा वेग सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास. फरक १० अंशांवर आला तर २४ लिटर, म्हणजे डीएन १५० पाईप आणि पंपाचं बिल कितीतरी पट.

अंतराबद्दल: दर मीटर चरामागे वर्षाला किमान दीड ते दोन हजार युनिट उष्णता विकली जायला हवी, हा युरोपातला ढोबळ नियम. आपल्याकडे हिवाळ्यापुरता नव्हे तर हंगामभर रोज वीस तास भार असतो, त्यामुळे दोन-तीन डाळमिल मिळाल्या तरी एक किलोमीटरची लाईन हिशोबात बसते. तीन किलोमीटरवर एकच ग्राहक असेल तर सोडून द्या.

तूरडाळ

दादा, हिशोब चांगला शे, पण आमले ते मिलमधलं सांगा. ५० टन रोजनी मिल धरा. कितली उष्णता लागी आणि आते जो गॅसचा बर्नर शे त्यानं काय करवानं?

तापीकाठ

@तूरडाळ भाऊ, मोजूनच सांगतो. तेल-पाणी दिल्यावर मालात १५ टक्के ओल आहे आणि ती १० वर आणायची आहे असं धरू. एका टनामागे ५५ किलोच्या आसपास पाणी उडवावं लागतं. वाळवणी यंत्राची गळती धरून किलोला १.२ युनिट, वर माल तापायला १५ युनिट. म्हणजे टनामागे ८० युनिट. ५० टनांना ४,००० युनिट, वीस तासांत पसरलं तर २०० किलोवॉट. कॉइल ३०० किलोवॉटची घ्या, कारण पावसाळी हवेत वाळवणी मंदावते.

बर्नर काढू नका. ब्लोअरच्या तोंडाशी पाण्याची फिनवाली (नळ्यांवर पातळ पात्या असलेली) कॉइल बसवा, बर्नर तिच्या पुढे तसाच ठेवा. पाण्याने हवा ५८-६० पर्यंत नेली की बर्नर बंदच राहतो, लाईन बंद पडली तर तो उठतो. युरोपातली जाळीही अशीच चालतात: रोजचा भार स्वस्त उष्णतेवर आणि क्वचितच्या वेळेसाठी जुना बॉयलर तयार.

हवा तासाला २२,००० घनमीटरच्या आसपास लागेल. कॉइल निवडताना तीन गोष्टी विक्रेत्याकडून लिहून घ्या. ओळी ६ ते ८ हव्यात आणि पाणी हवेच्या उलट दिशेने वाहायला हवं; दोन ओळींची स्वस्त कॉइल पाणी ६० वरच परत पाठवते आणि सगळ्या लाईनचं गणित बिघडवते. फिनमधलं अंतर ३ ते ४ मिलिमीटर ठेवा, एसीसारखं दाट नको, कारण डाळमिलच्या हवेत टरफलाची भुकटी असते आणि दाट फिन आठवडाभरात बुजते. आणि कॉइलच्या आधी काढून झटकता येईल अशी जाळी, तिच्या दोन्ही बाजूंना दाबफरक दाखवणारा साधा मॅनोमीटर.

आणखी एक, मेमध्ये आत येणारी हवाच ४२ अंश असते. त्या दिवसांत परतीचं पाणी ४५-४८ च्या खाली जाणार नाही, तो कॉइलचा दोष समजू नका. ऑगस्टमध्ये तीच कॉइल ३५ वर परत देईल.

पथारी

नंदुरबारच्या मिरचीला हे जमेल का? पथारीवर माल पसरलेला असताना अवकाळी आला की सगळं काळं पडतं. दरवर्षीचंच दुखणं आहे.

तापीकाठ

जमेल, पण भार फार मोठा आहे, ते आधी समजून घ्या. ओली लाल मिरची ७५ टक्के पाण्याची धरली तर एका टनातून २७८ किलो वाळलेला माल निघतो आणि ७२२ किलो पाणी उडवावं लागतं. ८०० युनिटच्या घरात उष्णता. डाळीच्या दहापट. त्यामुळे सगळा माल यंत्रात वाळवायचा विचार करू नका. उन्हाने ७५ वरून ३०-३५ टक्क्यांपर्यंत पथारीवरच आणा आणि शेवटचा टप्पा ५५-६० अंशांच्या ट्रे किंवा टनेल ड्रायरमध्ये करा. तो टप्पा पाण्याच्या प्रमाणात लहान असतो, पण बुरशी आणि रंग जाण्याचा धोका त्याच टप्प्यात असतो. अवकाळीच्या इशाऱ्यानंतर अर्धवट वाळलेला माल आत घ्यायची सोय झाली तरी यंत्राचा खर्च निघतो. ६५ च्या वर हवा नेऊ नका, रंग करपतो.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. मिरचीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च, तुरीची आवक जानेवारीनंतर. दोन्ही वेळा आभाळ मोकळं. डेन्मार्कात उन्हाळ्यातली सौरउष्णता हिवाळ्यासाठी साठवावी लागते. व्होयेन्स गावाने त्यासाठी ७०,००० चौरस मीटर सौरपत्रे आणि २ लाख घनमीटर पाण्याचा खड्डा केला. आपल्याला फक्त दुपारचं रात्रीसाठी साठवायचं आहे. ५० घनमीटरची उभी टाकी ३० अंशांच्या फरकाने १,७०० युनिट धरते. टाकी उंच आणि अरुंद हवी, पाणी आत सोडताना तोंडाशी पसरट डिफ्यूझर लावून वेग मारायचा, नाहीतर वरचं गरम आणि खालचं थंड पाणी मिसळून सगळं ५५ अंशांचं कोमट होतं आणि कोणाच्याच कामाचं राहत नाही.

पाईपलाईन

जळगाव म्हणजे पाईपांचं गाव, त्यामुळे पहिला मोह काय होणार ते दिसतंच आहे: एचडीपीई (नेहमीचा काळा प्लास्टिक पाईप) टाकून मोकळं होऊ. कृपा करून असं करू नका.

एचडीपीईचा दाबाचा आकडा २० अंशांचा असतो. ४० अंशांवर तो साधारण तीन चतुर्थांश उरतो. ७० अंशांच्या दाबाच्या पाण्याला वर्षानुवर्षांसाठी तो पाईप नाहीच. साधा पीव्हीसी तर त्याआधीच मऊ होतो. सीपीव्हीसी ७० अंशांना चालतो, पण त्याचीही दाबक्षमता थंड पाण्याच्या ४० टक्क्यांवर येते. शेडच्या आतल्या छोट्या फाट्यांसाठी वापरा, रस्त्याखाली नको. पेक्स (गरम पाण्याला टिकणारा क्रॉसलिंक पॉलिथिनचा) पाईप लहान व्यासाला उत्तम, फक्त ऑक्सिजन अडवणारा थर असलेलाच घ्या. तो थर नसेल तर पाईपच्या भिंतीतून ऑक्सिजन आत झिरपतो आणि पुढच्या लोखंडी टाकीला, पंपाला गंज चढतो. पाईप चांगला दिसतो आणि टाकी सडते.

मुख्य लाईनसाठी प्री-इन्सुलेटेड पाईप: आत स्टीलचा, मध्ये पॉलियुरेथेन फोम, बाहेर एचडीपीईचं कवच. एचडीपीईची जागा तिथे, बाहेर. फोममध्ये तांब्याच्या दोन तारा येतात. फोम ओला झाला की तार आणि स्टील यांच्यामधला रोध उतरतो आणि गळती कुठे आहे ते मीटरवर कळतं. प्रत्येक सांध्यावर या तारा जोडून, मोजून, मगच पुढे जायचं. घाईत एका सांध्यावर तार सुटली की पुढची अख्खी लाईन आंधळी.

ही लाईन बिघडते ती जवळजवळ नेहमी सांध्यावर. स्टीलचं वेल्डिंग बहुतेक वेळा ठीक असतं, पण बाहेरची श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसून बसणारी बाही) नीट बसलेली नसते. पावसाचं पाणी फोममध्ये शिरतं, ७० अंशांवर वाफाळतं आणि स्टील बाहेरून गंजतं. म्हणून: कवचावरची माती आणि ओल पूर्ण पुसायची, पृष्ठभाग खरखरीत करायचा, स्लीव्ह तापवून बसवल्यावर हवेच्या दाबाने साबणाच्या पाण्याची चाचणी घ्यायची, आणि त्यानंतरच दोन घटकांचा फोम ओतायचा. पावसात सांधे करायचेच नाहीत. काम नोव्हेंबर ते मेमध्ये उरका.

आता आपल्या काळ्या मातीचं. तापीच्या खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. हा पाईप आजूबाजूच्या वाळूच्या घर्षणावर धरून राहतो, त्यामुळे चर माती काढून रुंद करायचा आणि पाईपभोवती चहूबाजूंनी किमान १०० मिलिमीटर बारीक वाळू, दगडाविना, थर देऊन दाबायची. वर मुरूम. काढलेली काळी माती परत पाईपला चिकटून टाकली की पहिल्याच उन्हाळ्यात भेग पडते, घर्षण सुटतं आणि पाईप बेंडकडे सरकतो. मोकळा स्टील पाईप ३० वरून ७० अंशांवर गेला की १०० मीटरला ४८ मिलिमीटर वाढतो. ती वाढ बेंडवर येते, म्हणून बेंडच्या बाहेरच्या अंगाला फोमच्या गाद्या. पाईपवर किमान ६०० मिलिमीटर भर, ट्रक जाणार असतील तर जास्त किंवा काँक्रीटचा स्लॅब.

उष्णतेच्या गळतीची भीती मात्र बाळगू नका. आपली जमीनच २८-३० अंशांची. डीएन १०० ची जोडी ७०/४० वर मीटरला १२ ते १५ वॉट गमावते, किलोमीटरला १५ किलोवॉट. डेन्मार्कच्या ८ अंशांच्या मातीत हीच लाईन जवळपास दुप्पट गमावेल.

गिरणाकाठ

भुसावळजवळच्या दीपनगरचं औष्णिक केंद्र का नाही? तिथे तर शेकडो मेगावॉट उष्णता कूलिंग टॉवरमधून जाते.

बॉयलरमन

@गिरणाकाठ, जाते खरी, पण ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यात जाते. त्या पाण्याने डाळ वाळत नाही. ७०-८० अंश हवे असतील तर टर्बाइनमधून मधल्या टप्प्यावर वाफ काढावी लागते आणि तेवढी वीज कमी होते. ढोबळमानाने पाच ते सात युनिट उष्णतेमागे एक युनिट वीज. हीट पंपापेक्षा तो सौदा वाईट नाही. अडचण दोन आहेत. जळगावची एमआयडीसी तिथून तीसेक किलोमीटर, एवढी लाईन दहा-वीस मेगावॉटसाठी कोणी टाकणार नाही. आणि लाईन चाळीस वर्षं टिकते. ती कोळशाच्या संचाला बांधली तर तो संच बंद करायच्या वेळी सगळे ग्राहक आडवे येतात. युरोपातल्या कितीतरी शहरांना आज हाच प्रश्न सोडवावा लागतोय. हेलसिंकीने कोळशाचं शेवटचं केंद्र, सालमिसारी, २०२५ मध्ये बंद केलं, तेही पर्याय उभे केल्यावरच. आपण कोऱ्या पाटीवर सुरुवात करतोय तर ती चूक विकत का घ्यायची?

केंद्राच्या कुंपणालगतच नवी वाळवणी वसाहत काढायची असेल तर गोष्ट वेगळी.

केळीकाठ

उनपदेवच्या कुंडातल्या गरम पाण्याचं काय? आइसलँड तर त्यावरच चालतं.

तापीकाठ

रेक्याविक १९३० पासून भूगर्भातल्या गरम पाण्यावर चालतं, पण तिथे खोल विहिरींतून प्रचंड प्रवाह मिळतो. सेकंदाला एक लिटर पाणी २० अंश उतरवलं तर ८४ किलोवॉट, म्हणजे अर्धी डाळमिलसुद्धा नाही. उनपदेव, सुनपदेव ही लोकांची श्रद्धेची ठिकाणं आहेत, त्या कुंडांना हात लावू नये.

केळीकाठ

बरोबर. मग केळीच्या बाजूचं मी लिहितो. सावदा-रावेर-यावल पट्ट्यात केळी थंड करायचे (प्रीकूलिंग) आणि पिकवायचे (रायपनिंग) चेंबर वाढलेत. अमोनियाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसरमधून निघणारा वायू ९०-१२० अंशांचा असतो, कंडेन्सरमध्ये तो ३५-४० वर द्रव होतो. त्यातल्या एकूण उष्णतेचा फक्त १० ते १५ टक्के भाग वरच्या तापमानाचा. तो डीसुपरहीटरने, म्हणजे गरम वायूची वरची उष्णता पाण्याला देणाऱ्या एक्स्चेंजरने, ६०-६५ अंशांच्या पाण्यात काढता येतो. उरलेला ३५-४० चा. लोक इथेच फसतात: कंडेन्सरची पूर्ण उष्णता ७० अंशांना मिळेल असं धरून डिझाइन करतात. जास्त तापमानासाठी कंडेन्सरचा दाब वाढवला तर थंडाव्याचं वीजबिल वाढतं, तो उपाय नव्हे.

डीसुपरहीटर कंडेन्सरच्या आधी, उतारावर बसवा म्हणजे त्यात थोडा अमोनिया द्रव झाला तरी पुढे वाहून जाईल. तांबं, पितळ यांचा भाग अमोनियाच्या बाजूला चालत नाही. स्टील किंवा स्टेनलेस. आणि अमोनिया पाण्यात गळलाच तर कळावा म्हणून मधलं पाण्याचं वेगळं छोटं सर्किट ठेवून त्यावर पीएच मीटर लावा. मुख्य लाईनला थेट जोडू नका.

माझा प्रश्न उलटा आहे. आम्हाला उष्णता नको, थंडावा हवा. या लाईनवरून थंडावा निघेल का?

बॉयलरमन

निघतो, विजेऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या अ‍ॅब्सॉर्प्शन चिलरने. पण लिथियम ब्रोमाइडच्या साध्या चिलरला ८०-९५ अंशांचं पाणी लागतं, ७० ची लाईन त्याला अपुरी. अ‍ॅड्सॉर्प्शनचं यंत्र ६५-७५ वर चालतं, पण एक युनिट उष्णतेतून अर्धंच युनिट थंडावा देतं आणि यंत्र महाग. दुसरी अडचण पाण्याची. एक युनिट थंडाव्यामागे साध्या विजेच्या चिलरला सव्वा युनिट उष्णता कूलिंग टॉवरमध्ये टाकावी लागते, अ‍ॅब्सॉर्प्शनला जवळपास अडीच युनिट. म्हणजे टॉवरचं पाणी दुप्पट. मेमध्ये आपली हवा कोरडी असल्यामुळे टॉवर उत्तम चालतो, पण त्याच मेमध्ये पाणी टँकरने येतं. केळीसाठी सौर वीज आणि विजेचा चिलर हेच बरं. तुमची उष्णता लाईनला द्या, तिच्याकडून घेऊ नका.

चटईचा धागा

प्लास्टिकच्या युनिटकडून काय मिळेल तेही मांडा. चटई, पाईप, मोल्डिंग सगळे आहेत इथे.

तापीकाठ

सर्वांत सोपं आणि स्वस्त म्हणजे स्क्रू कॉम्प्रेसर. तेल फिरवणाऱ्या ७५ किलोवॉटच्या कॉम्प्रेसरच्या विजेचा फार मोठा भाग तेलात उष्णता म्हणून जातो. त्यातली ५० किलोवॉटच्या आसपास ६५-७० अंशांच्या पाण्यात पकडता येते. तेलाच्या सर्किटवर, मूळ कूलरच्या आधी, प्लेट एक्स्चेंजर बसवायचा (पातळ पत्र्यांतून एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारा). मूळ कूलर आणि पंखा तसाच राहू द्यायचा, कारण ज्या दिवशी लाईन उष्णता घेणार नाही त्या दिवशी मशीन ट्रिप व्हायला नको. तेलाचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मधे हवाच: तेल ७० च्या फार खाली गेलं तर हवेतली वाफ तेलात पाणी होऊन बसते आणि बेअरिंग खाते. मेमध्ये हाय टेंपरेचरवर बंद पडणाऱ्या कॉम्प्रेसरला याचा उलट फायदा होतो, कूलरवरचा भार उतरतो. आधी लोडेड तास, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष हवा दाबतं ते तास, मोजा. अर्धा वेळ अनलोड चालणाऱ्या मशीनच्या नेमप्लेटवरून हिशोब केला तर निम्मीच उष्णता हाती येते.

एक्स्ट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून साच्यातून ढकलणाऱ्या यंत्राच्या) कूलिंग बाथचं पाणी २०-३० अंशांचं, ते थेट निरुपयोगी. पण ते थंड ठेवायला चिलर चालूच असतो ना? नवा चिलर घ्यायची वेळ येईल तेव्हा त्याऐवजी ७० अंशांपर्यंत जाणारा हीट पंप घ्या. तो एका टोकाने तुमचं बाथचं पाणी १०-१५ वर ठेवतो आणि दुसऱ्या टोकाने लाईन तापवतो. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता आणि दोन युनिट थंडावा. बॅरलच्या हीटरवर आधी इन्सुलेशनची जाकिटं घाला. जी उष्णता वाया जाणंच थांबवता येतं, ती पकडायला पाईप टाकू नये.

तूरडाळ

आते पैसानं सांगा. ब्रिकेट सात रुपये किलोनी मिळस, मग कोन घेई तुमनी लाईन?

बॉयलरमन

रास्त प्रश्न. भाव धरून चालू: गॅस ९० रुपये किलो, वीज ९ रुपये युनिट, ब्रिकेट (पिकांच्या काड्यांचं दाबलेलं जळण) ७ रुपये किलो. गॅसची उपयुक्त उष्णता युनिटला सव्वाआठ रुपयांना पडते. ३,८०० किलोकॅलरीचं ब्रिकेट आणि ७० टक्के कार्यक्षमता धरली तर सव्वादोन रुपये. हीट पंपाची ३ रुपये, पण बंद झालेल्या चिलरची वीज वजा केली तर दीड रुपया. कॉम्प्रेसरच्या उष्णतेला फक्त पंपाची वीज. म्हणजे गॅसवाल्यांनी उद्या जोडावं, ब्रिकेटवाल्यांनी थांबलं तरी चालेल. त्यापेक्षा ब्रिकेटचा एकच चांगला बॉयलर सगळ्या लाईनला द्या, पहाटेच्या आणि पावसाळी दिवसांच्या भारासाठी.

पऱ्हाटीच्या ब्रिकेटबद्दल: राखेत पोटॅशियम असतं, ती लवकर वितळते आणि जाळीवर क्लिंकर (राखेचे घट्ट खडे) धरते. जाळी हलती घ्या, भट्टीचं तापमान ९०० च्या खाली राहील एवढी हवा द्या. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेली ब्रिकेट फुगून भुगा होते, शेड हवीच. केळीचे खांब सुचवतील कोणी. त्यांत ९० टक्के पाणी असतं, ते इंधन नव्हे, खत आहे.

पाणी १०० अंशांच्या आत तापवत असाल तर बॉयलर कायद्याच्या व्याख्येत तो बसत नाही, ही मोठी सोय आहे. तरी सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जादा तापमानाचा कट-ऑफ दोन्ही बसवा.

पाईपलाईन

सौरपत्र्यांचा उल्लेख झाला म्हणून. खान्देशात चौरस मीटरला दिवसाला सव्वादोन-अडीच युनिट ७० अंशांच्या पाण्यात मिळतात. डेन्मार्कात वर्षाला ४००-५०० युनिट घेतात, आपल्याला ७०० च्या आसपास मिळायला हरकत नाही. पण भार नसताना मेच्या दुपारी पत्रा १५० च्या वर जातो, आतलं पाणी वाफ होतं. एक्स्पान्शन टाकी त्या वाफेने ढकललेलं पाणी सामावेल एवढी हवी. धूळ आठवड्याला धुवा, मऊ पाण्याने, नाहीतर बोअरचे पांढरे डाग बसतात. शेडच्या कैच्या वजन पेलतात का ते आधी तपासून घ्या, चौरस मीटरला २५ किलो सहज होतं.

गिरणाकाठ

बोअरचं पाणी म्हणताय तर लाईनमध्ये कोणतं भरायचं? इथे क्षार भरपूर.

पाईपलाईन

बोअरचं थेट कधीच नाही. प्लेट एक्स्चेंजरमधल्या दोन पत्र्यांमधलं अंतर जेमतेम दोन-चार मिलिमीटर, ७० अंशांना क्षार तिथेच बसतात. सॉफ्टनरमधून कडकपणा जवळपास शून्यावर आणून भरा, पीएच साडेनऊच्या आसपास ठेवा, पाण्यातली हवा काढणारा डीएरेटर लावा. एक किलोमीटरच्या जोडीत १८ घनमीटर पाणी मावतं, ते एकदाच भरायचं. मग टॉप-अपच्या पाण्याला छोटा मीटर बसवून रोज आकडा लिहा. आकडा वाढला की गळती आहे, शोधा. गळती शोधण्याऐवजी पाणी भरत राहिलात तर रोज नवा ऑक्सिजन आणि नवे क्षार आत जातात.

भरण्याआधी लाईन जोरात फ्लश करा. वेल्डिंगचा मळ, वाळू, कोणाचा हातमोजासुद्धा निघतो. पहिल्या महिन्यात गाळणी आठवड्यातून दोनदा उघडा.

चटईचा धागा

आणि मोजायचं कसं? शेजारी-शेजारी भांडण व्हायचं त्यावरून.

तापीकाठ

प्रत्येक दारात प्लेट एक्स्चेंजर आणि हीट मीटर. मीटरचे दोन सेन्सर जोडीनेच कॅलिब्रेट केलेले घ्या. वेगवेगळे घेतलेले अर्ध्या अंशाने चुकले तर १० अंशांच्या फरकावर ५ टक्के बिल चुकतं. प्रवाहाचा भाग परतीच्या थंड पाईपवर बसवा, तिथे तो जास्त टिकतो. त्याच्या आधी पाईपचा सरळ तुकडा, व्यासाच्या दहापट.

दर दोन भागांत ठेवा. युनिटचा एक, आणि परतीच्या तापमानाचा वेगळा: ४० च्या खाली सूट, ४५ च्या वर दर अंशाला आकार, मेची सवलत धरून. डेन्मार्कात हे वर्षानुवर्षं चालतंय. त्याने प्रत्येक जण आपली कॉइल स्वतःहून साफ ठेवतो. जोडणी देताना एक अट लेखी घाला, ग्राहकाच्या शेडमध्ये थ्री-वे व्हॉल्व्ह चालणार नाही. तो भार नसताना गरम पाणी तसंच परतीच्या पाईपमध्ये सोडतो आणि एका मिलमुळे सगळ्यांची परत ५५ वर जाते. टू-वे व्हॉल्व्ह, आणि मुख्य पंपाला मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारा व्हीएफडी. दाबफरकाचा सेन्सर पंपाशी नाही, सगळ्यात लांबच्या ग्राहकाच्या दारात.